पर्थच्या नोंदवहीतले विमान

7 मार्च 2014 च्या रात्री सुरतेत कुणी गच्चीवर जाऊन दक्षिणेकडे तोंड केले असते, मान जराशी पश्चिमेला वळवली असती आणि नजर क्षितिजापासून 63 अंश वर नेली असती, तर ती थेट एका उपग्रहाच्या दिशेने गेली असती. तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सुरतेपासून तो सुमारे 36,400 किलोमीटर दूर होता. त्याचे नाव इनमारसॅट-3 एफ-1. एप्रिल 1996 मध्ये सोडलेला हा उपग्रह आयुष्याची ठरलेली वर्षे कधीच उलटून गेला होता आणि विषुववृत्तावर 64.5 अंश पूर्व रेखांशापाशी टिकून होता. हिंदी महासागरावरच्या जहाजांचे आणि विमानांचे फोन व निरोप इकडून तिकडे पोचवायचे, एवढेच त्याचे काम. हरवलेल्याला शोधण्यासाठी त्याची बांधणी झालेली नव्हती. त्या रात्री मात्र 239 माणसे घेऊन निघालेल्या एका विमानाशी जगातल्या कुठल्याही यंत्राचा संबंध उरला असेल, तर तो याच्याच मार्फत.

मलेशिया एअरलाइन्सचे एमएच 370 हे बोइंग 777 भारतीय वेळेनुसार रात्री 10 वाजून 12 मिनिटांनी क्वालालंपूरहून बीजिंगकडे उडाले. क्वालालंपुरात तेव्हा 8 मार्च उजाडून 42 मिनिटे झाली होती. विमानात 227 प्रवासी आणि 12 कर्मचारी होते. बहुसंख्य प्रवासी चिनी, पाच भारतीय. त्या पाचांत मुंबई-पुण्याची मराठी माणसेही होती. (यापुढच्या साऱ्या वेळा भारतीय घड्याळाप्रमाणे दिल्या आहेत.)

10 वाजून 49 मिनिटांनी विमानातून मलेशियाच्या नियंत्रण कक्षाला शुभरात्रीचा निरोप गेला. आता विमानाने व्हिएतनामच्या नियंत्रकांशी बोलायचे होते. ते बोलणे झालेच नाही. दोनच मिनिटांत, दोन देशांच्या हद्दींच्या सीमेवर, विमानाची ओळख रडारला कळवणारा ट्रान्सपाँडर बंद पडला आणि नागरी रडारच्या पडद्यावरचा ठिपका नाहीसा झाला. लष्करी रडारला ट्रान्सपाँडरची गरज नसते. धातूच्या अंगावर आपटून परत येणारा प्रतिध्वनी त्याला पुरतो. त्या रडारवर एक विमान मागे वळताना, मलेशियाचा द्वीपकल्प ओलांडून पेनांगजवळून मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरताना आणि अंदमानच्या दिशेने वायव्येला जाताना उमटत राहिले. 11 वाजून 52 मिनिटांनी तेही थांबले. हा प्रतिध्वनी एमएच 370 चा होता, हे त्या रात्री कुणाच्या लक्षात आले नाही.

त्या रात्रीच्या हलगर्जीपणाबद्दल बरेच लिहिले गेले आहे. त्यातली एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी. व्हिएतनामकडून विचारणा आल्यावर विमान कंपनीकडून उत्तर गेले की विमान कंबोडियाच्या हवाई हद्दीत आहे. कंपनीच्या संगणकावर ठिपका खरोखरच पुढे सरकत होता. पण तो विमानाने कळवलेल्या जागेचा ठिपका नव्हता. ठरलेल्या मार्गावर विमान आता कुठे असायला हवे, याचा तो अंदाज होता. त्या अंदाजाला स्थान समजून कित्येक मिनिटे वाया गेली. शोध आणि बचाव केंद्राला जागे करेपर्यंत पहाटेचे तीन वाजले होते. तेव्हा विमान उडत होते आणि पुढे जवळपास तीन तास उडत राहणार होते.

पुढचा आठवडा चुकीच्या समुद्रात गेला. नागरी रडारवर विमान शेवटचे दिसले तिथे, म्हणजे दक्षिण चीन समुद्रात, अनेक देशांची जहाजे आणि विमाने तेलाचे तवंग तपासत फिरली. मग लष्करी रडारची गोष्ट बाहेर आली आणि शोध मलाक्काच्या पलीकडे सरकला. मलेशियाच्या विनंतीवरून भारतीय नौदल, तटरक्षक दल आणि हवाई दलाने अंदमानचा समुद्र आणि बंगालचा उपसागर चाळायला घेतला. नव्यानेच ताफ्यात आलेली पी-8आय टेहळणी विमाने त्यात होती. दरम्यान उपग्रहांनी काढलेली छायाचित्रे धडाधड प्रसिद्ध होऊ लागली. चीनच्या उपग्रहाला दक्षिण चीन समुद्रात काही तरंगताना दिसले. तिथे काहीच नव्हते. एका अमेरिकी कंपनीने आपली छायाचित्रे लोकांसाठी खुली केली आणि जगभरातली लाखो माणसे घरी बसून समुद्राचा चौकोनन् चौकोन न्याहाळू लागली. पुढे ऑस्ट्रेलियाने, फ्रान्सने, थायलंडने दक्षिण हिंदी महासागरातल्या तरंगत्या वस्तूंची चित्रे दिली. एकही वस्तू विमानाची निघाली नाही. महासागरात किती कचरा तरंगतो आहे, एवढेच त्यातून कळले.

उपग्रहाने विमान शोधायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कॅमेरा येतो. एमएच 370 चा माग कॅमेऱ्याने लागला नाही. तो ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथल्या एका ग्राउंड स्टेशनच्या नोंदवहीतून लागला, आणि ती नोंदवही होती टेलिफोन एक्स्चेंजची असते तशी: कोण जोडले गेले, किती वाजता, कुठल्या वारंवारतेवर.

इनमारसॅट ही संस्था 1979 मध्ये उभी राहिली ती समुद्रावरच्या जहाजांसाठी. बुडणाऱ्या जहाजाची हाक किनाऱ्यापर्यंत पोचावी, हा तिचा मूळ हेतू. तिचे नाव महाराष्ट्राला अगदीच परके नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी इथे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला विक्रम उपग्रह केंद्र उभे राहिले. भारतातून समुद्रावरच्या जहाजांना लागणारे इनमारसॅटचे फोन पुढे तिथूनच जात. (याच जुन्नरच्या डोंगरांत 7 जुलै 1962 रोजी मुंबईत उतरू पाहणारे अलितालियाचे डीसी-8 कोसळले आणि त्यातले सर्व 94 जण गेले. ते विमान हरवले असले तरी जमिनीवर होते. माणसे पायी डोंगर चढून तिथवर पोचू शकत होती.) पुढे इनमारसॅट खासगी कंपनी झाली, लंडनला तिचे मुख्यालय राहिले आणि विमान कंपन्याही तिच्या ग्राहक झाल्या.

विमानाच्या पाठीवर अँटेना असतो आणि आत एक यंत्र. ते यंत्र उपग्रहामार्फत ग्राउंड स्टेशनशी जोडलेले राहते. तासभर विमानाकडून काहीच आले नाही, तर ग्राउंड स्टेशन आपणहून हजेरी घेते. विमानातले यंत्र वैमानिकाला न विचारता ‘हजर’ म्हणते आणि गप्प होते. त्या उत्तरात विमानाची जागा नसते, वेग नसतो, दिशा नसते. यंत्र चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ.

एमएच 370 मधले हे यंत्र मधल्या काळात बंद पडले होते. जमिनीवरून पाठवलेल्या निरोपाला त्याने उत्तर दिले नव्हते. पण रात्री 11 वाजून 55 मिनिटांनी, म्हणजे लष्करी रडारने शेवटचे पाहिल्यानंतर तीन मिनिटांनी, ते पुन्हा चालू झाले आणि त्याने स्वतःहून उपग्रहाकडे जोडणी मागितली. त्यानंतर 1 वाजून 11, 2 वाजून 11, 3 वाजून 11 आणि 4 वाजून 11 मिनिटांनी हजेरी झाली. मधे दोनदा कंपनीने जमिनीवरून विमानाला फोन लावला, 12 वाजून 9 मिनिटांनी आणि 4 वाजून 43 मिनिटांनी. दोन्ही वेळा घंटा वाजत राहिली. कुणी उचलला नाही. फोन आला की हजेरीचा तास नव्याने मोजला जातो, म्हणून पुढची हजेरी 5 वाजून 41 मिनिटांची. आणि मग आठच मिनिटांनी, 5 वाजून 49 मिनिटांनी, कुणी विचारले नसताना विमानातल्या यंत्राने पुन्हा जोडणी मागितली. पावणेसातच्या सुमाराला पर्थने हजेरी घेतली तेव्हा उत्तर आले नाही.

बीजिंगला विमान उतरायची वेळ भारतीय घड्याळाने पहाटे चारची होती.

या सात नोंदींतून विमानाचा मार्ग काढायचा, हे काम लंडनमधल्या मूठभर अभियंत्यांनी हाती घेतले. त्यांच्या हाती दोनच आकडे होते. पहिला वेळेचा.

ग्राउंड स्टेशनने विचारल्यावर विमानाचे उत्तर ठराविक वेळेत यायला हवे. विमान उपग्रहापासून जितके लांब, तितका उत्तराला उशीर. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जाते. जाऊन-येऊन धरले तर एका मायक्रोसेकंदाचा उशीर म्हणजे 150 मीटरचे अंतर. पर्थच्या नोंदवहीत या उशिराचे आकडे होते: 11 वाजून 55 मिनिटांना 12,520 मायक्रोसेकंद, 1 वाजून 11 मिनिटांना 11,500, मग 11,740, 12,780, 14,540, 18,040 आणि शेवटी 18,400. म्हणजे विमान आधी उपग्रहाच्या थोडे जवळ गेले आणि नंतर सतत दूर जात राहिले. पहाटेपर्यंत ते हजारभर किलोमीटरने लांब गेले होते.

हा उशिराचा रकाना नोंदवहीत असण्यालाही एक कारण आहे. 1 जून 2009 रोजी एअर फ्रान्सचे 447 क्रमांकाचे विमान रिओहून पॅरिसला जाताना अटलांटिकमध्ये पडले. 228 जण गेले. ते समुद्रतळावर सापडायला जवळपास दोन वर्षे लागली. त्या अनुभवानंतर इनमारसॅटने ठरवले की उत्तराला लागणारा वेळही नोंदवून ठेवावा, कधी तरी विमानाची जागा ठरवायला उपयोगी पडेल. ग्राहकाने तो मागितला नव्हता, त्यातून कमाई नव्हती. ज्या कुणी त्या नोंदवहीत हा एक रकाना वाढवण्याचा आग्रह धरला असेल, त्याचे हा सारा इतिहास मोठे देणे लागतो. तो रकाना नसता तर आपल्याला आजही एवढेच माहीत असते की विमान पहाटेपर्यंत चालू होते. कुठे, याचा पत्ता नाही.

पण अंतर कळले म्हणजे जागा कळली असे नव्हे. उपग्रहापासून अमुक अंतरावर असलेल्या सगळ्या जागा पृथ्वीवर एका वर्तुळात येतात. सुरतेचेच उदाहरण घेऊ. सुरतेवरून उडणाऱ्या विमानाच्या उत्तराला जेवढा उशीर होईल, त्या उशिराचे वर्तुळ काढले तर ते अरबी समुद्रावरून ओमानच्या पूर्व टोकाजवळ जाते, सोमालिया-केनियाच्या किनाऱ्यापाशी विषुववृत्त ओलांडते आणि दक्षिणेला मादागास्करच्या पूर्वेकडच्या रियुनियन बेटावर पोचते. हिशेब मांडून पाहिला तर त्या बेटावरचे सेंट आंद्रे हे गाव आणि सुरत शहर, दोन्ही 64.5 अंश रेखांशावरच्या त्या उपग्रहापासून जवळजवळ तंतोतंत सारख्याच अंतरावर आहेत. दोघांत 5,000 किलोमीटरचा समुद्र आहे. विमान सुरतेवर असो की सेंट आंद्रेवर, पर्थच्या नोंदवहीत उशिराचा आकडा एकच उमटला असता. सेंट आंद्रेचे नाव या कथेत पुढे पुन्हा येणार आहे.

सात नोंदींची अशी सात वर्तुळे निघाली. विमानाच्या वेगाला आणि इंधनाला न झेपणारे भाग पुसून टाकल्यावर वर्तुळांचे दोन तुकडे उरले. एक उत्तरेकडे, थायलंडपासून मध्य आशियाकडे जाणारा. दुसरा दक्षिणेकडे, इंडोनेशियापासून दक्षिण हिंदी महासागरात उतरणारा. 15 मार्चला मलेशियाचे पंतप्रधान नजीब रझाक यांनी हेच दोन पट्टे जगापुढे मांडले. उत्तरेकडच्या पट्ट्यात जमीन होती, धावपट्ट्या होत्या आणि म्हणून नातेवाइकांच्या मनात आशाही होती. दक्षिणेकडे पाण्याशिवाय काही नव्हते.

उत्तर की दक्षिण, हे दुसऱ्या आकड्याने ठरवले. तो वारंवारतेचा. शाळेच्या पुस्तकातला डॉप्लर परिणाम सगळ्यांना आठवत असेल: जवळ येणाऱ्या स्रोताच्या लहरींची वारंवारता वाढलेली जाणवते, दूर जाणाऱ्याची घटलेली. विमानातले यंत्र हा फरक स्वतःच भरून काढते. आपला वेग आणि दिशा त्याला ठाऊक असते. उपग्रह विषुववृत्तावर एका जागी स्थिर आहे असे ते गृहीत धरते आणि त्याप्रमाणे वारंवारता सुधारून पाठवते. उपग्रह खरोखर स्थिर असता, तर उत्तरेचे विमान आणि दक्षिणेचे विमान वेगळे ओळखायला काहीच मार्ग उरला नसता.

इनमारसॅट-3 एफ-1 स्थिर नव्हता. म्हातारा झाला होता, इंधन वाचवायचे होते, म्हणून त्याची कक्षा दीडेक अंशाने कलू दिली होती. रोज तो विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे 1,200 किलोमीटर आणि दक्षिणेला तेवढाच झुलत असे. विमानातल्या यंत्राच्या गृहीतकात हे झुलणे धरलेले नव्हते. त्यामुळे सुधारलेल्या वारंवारतेतही एक छोटीशी चूक शिल्लक राहत होती, आणि ही चूक उत्तरेला जाणाऱ्या विमानाची वेगळी, दक्षिणेला जाणाऱ्याची वेगळी. सुमारे 160 कोटी हर्ट्झच्या लहरीत शंभर-दोनशे हर्ट्झचा हा फरक. 1 वाजून 11 मिनिटांना 111 हर्ट्झ, मग 141, 168, 204 आणि 5 वाजून 41 मिनिटांना 252. ग्राउंड स्टेशनच्या यंत्रांचा स्वतःचा हातभार, थंडी-उष्णतेने उपग्रहात होणारे फेर, हे सगळे वजा करायला अभियंत्यांना दिवस लागले. मग हीच रीत त्याच उपग्रहाखाली उडालेल्या, मार्ग ठाऊक असलेल्या इतर विमानांना लावून पाहिली. ती बरोबर बसली. एमएच 370 चे आकडे उत्तरेच्या मार्गाशी जुळत नव्हते. दक्षिणेच्या मार्गाशी जुळत होते.

24 मार्चला रात्री नजीब रझाक यांनी जाहीर केले की विमानाचा प्रवास दक्षिण हिंदी महासागरात संपला. घोषणेच्या आसपास अनेक नातेवाइकांच्या मोबाइलवर कंपनीचा इंग्रजी संदेश येऊन पडला होता. ज्या घरांनी सतरा दिवस फोनकडे डोळे लावले होते, त्यांना अशी बातमी देणे हे निर्दयपणाचे होते. सिग्नलच्या मूळ नोंदी बघायला मिळाव्यात, हा त्यांचा आग्रह पुढे दोन महिने चालला. 27 मे रोजी 47 पानांचा तक्ता प्रसिद्ध झाला. त्यानंतर जगभरातले गणिती, वैमानिक आणि अभियंते आपापल्या वेळात तो पुन्हा पुन्हा सोडवत राहिले. सातव्या वर्तुळाबद्दल त्यांच्यात फारसे दुमत झाले नाही. त्या वर्तुळावर नेमके कुठे, यावर मात्र अजून एकमत नाही.

शेवटच्या आठ मिनिटांकडे जरा थांबून पाहायला हवे. 5 वाजून 41 मिनिटांनी हजेरी दिलेले यंत्र 5 वाजून 49 मिनिटांनी नव्याने जोडणी का मागेल? मधे त्याची वीज गेली असली तरच. विमान निघाले तेव्हा टाक्यांत सुमारे 49 टन इंधन होते आणि ते संपायची वेळ साधारण हीच होती. दोन्ही इंजिने थांबली की वीज जाते. शेपटातले छोटे इंजिन आपोआप सुरू होऊन थोडी वीज देते. यंत्र जागे होते आणि उपग्रहाला हाक मारते. त्या हाकेतल्या वारंवारतेचा पहिला आकडा होता 182 हर्ट्झ. आठ सेकंदांनंतरचा आकडा उणे 2. इतकी उडी विमान सरळ पातळीत उडत असताना येत नाही. विमान खाली येत होते, आणि खाली येण्याचा वेग दर सेकंदाला वाढत होता.

ऑस्ट्रेलियाने समुद्रतळ शोधायला घेतला. संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेतल्या नील गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखो संभाव्य मार्ग संगणकावर उडवून पाहिले आणि प्रत्येकाला सात नोंदींच्या कसोटीवर वजन दिले. सातव्या वर्तुळाच्या दोन्ही बाजूंचा जो पट्टा सर्वांत जड भरला, तिथे जहाजे गेली. त्या भागात समुद्र सरासरी चार किलोमीटर खोल, तळाशी डोंगर आणि दऱ्या, वर दक्षिण गोलार्धातले बेफाम वारे. सोनार बसवलेले यंत्र कित्येक किलोमीटर लांबीच्या केबलने ओढत जहाजे संथपणे मागे-पुढे जात राहिली. 1,20,000 चौरस किलोमीटर तळ पाहून झाला, सुमारे 20 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च झाले. 17 जानेवारी 2017 रोजी शोध थांबवला गेला. पुढच्या वर्षी ओशन इन्फिनिटी या कंपनीने स्वयंचलित पाणबुड्या सोडून आणखी 1,12,000 चौरस किलोमीटर पाहिले. विमान नव्हते.

विमान नव्हते, पण त्या तळावर दोन जहाजे सापडली. एक लाकडी, एक लोखंडी, दोन्ही एकोणिसाव्या शतकातली, दोन्हींत कोळसा. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वस्तुसंग्रहालयाने जुन्या दप्तरांशी ताडून पाहिले तेव्हा लोखंडी जहाज बहुधा ‘वेस्ट रिज’ असावे असे निघाले. हे जहाज 1883 मध्ये इंग्लंडहून कोळसा घेऊन भारताकडे निघाले होते आणि त्यावरचे 28 खलाशी कधीच पोचले नाहीत. त्यानंतर पाचच वर्षांनी, नोव्हेंबर 1888 मध्ये, कच्छच्या मांडवीहून मुंबईकडे निघालेली ‘वैतरणा’ आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडून सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. विजेचे दिवे असलेल्या त्या आगबोटीला लोक ‘वीजळी’ म्हणत. गुजरातच्या लोकगीतांत ती अजून बुडते आहे. समुद्रात मात्र तिचा तुकडाही मिळालेला नाही. तेव्हा समुद्रात गेलेले समुद्रातच राहत. आपल्या काळात असे होणार नाही, असे सगळ्यांनीच धरून चालले होते.

29 जुलै 2015. रियुनियन बेटावर सेंट आंद्रेचा किनारा साफ करणाऱ्यांना वाळूत पंखासारखा एक भाग दिसला, माणसाहून लांब, कडांना गूझ बार्नकल जातीचे शंख-शिंपल्यांसारखे जीव चिकटलेले. तो बोइंग 777 चा फ्लॅपेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला फ्रेंच अधिकाऱ्यांनी आतल्या क्रमांकांवरून तो एमएच 370 चाच असल्याचे निश्चित केले. पुढे टांझानिया, मोझांबिक, मॉरिशस, मादागास्कर, दक्षिण आफ्रिका, अशा किनाऱ्यांवर आणखी तुकडे मिळाले. पर्थच्या नोंदवहीतल्या आकड्यांना पहिल्यांदाच हाताला लागेल असा पुरावा जोडला गेला. विमान उत्तरेला गेले असावे, कुठल्या तरी वाळवंटात उतरवले असावे, या साऱ्या कल्पना तिथे संपायला हव्या होत्या. संपल्या नाहीत, पण त्यांना आधार उरला नाही.

तुकडा कुठून वाहत आला असेल, हे शोधण्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतल्या समुद्रशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. त्यांनी दुसऱ्या एका 777 चा खरा फ्लॅपेरॉन मिळवला, सापडलेल्या तुकड्याच्या आकाराप्रमाणे तो कापला आणि टास्मानियाजवळच्या समुद्रात सोडला. लाकडी प्रतिकृतींपेक्षा तो वेगळाच वाहिला: वाऱ्याने जास्त वेगाने ढकलला जाई आणि वाऱ्याच्या दिशेच्या डावीकडे सरके. हा फरक हिशेबात घेतल्यावर तुकडे सातव्या वर्तुळावर 35 अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपासहून आले असावेत, असे निघाले. तोवर शोधलेल्या पट्ट्याच्या ते थोडे उत्तरेला होते.

भारतालाही हा धडा घरी मिळाला. 22 जुलै 2016 रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले हवाई दलाचे एएन-32 बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. त्यात 29 जण होते. इस्रोच्या उपग्रहांची छायाचित्रे तपासली गेली, जहाजे फिरली. विमानांत अपघातानंतर 406 मेगाहर्ट्झवर हाक देणारे उपकरण असते आणि ती हाक टिपणारे उपग्रहांचे जाळे भारतासह अनेक देश चालवतात. पण ते उपकरण पाण्याखाली गेले की हाक वर येत नाही. जानेवारी 2024 मध्ये चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे 310 किलोमीटरवर, 3,400 मीटर खोलीवर, राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडीने त्या विमानाचे अवशेष टिपले. साडेसात वर्षे लागली, आणि तिथे तर समुद्र आपला होता आणि मार्ग माहीत होता.

एमएच 370 नंतर नियम बदलले. समुद्रावरच्या प्रवासी विमानाने दर पंधरा मिनिटांनी आपली जागा कळवावी, असे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवले. नव्या विमानांवर त्याहून कडक बंधन आले: काही बिघडले की विमानाने दर मिनिटाला आपणहून जागा कळवायची, आणि ती यंत्रणा वैमानिकाच्या हातून बंद होता कामा नये. समुद्रात ब्लॅक बॉक्सचा आवाज 30 ऐवजी 90 दिवस चालला पाहिजे असे झाले. 2019 पासून इरिडियम कंपनीच्या 66 उपग्रहांवर बसवलेली यंत्रे विमानांचे सिग्नल थेट अवकाशातून टिपतात. ध्रुवांपासून दक्षिण हिंदी महासागरापर्यंत एकही कोपरा त्यांच्या नजरेबाहेर नाही. वैमानिकाच्या हातून बंद न होणारी यंत्रणा एमएच 370 वर असती, तर सात वर्तुळे काढावी लागली नसती. त्यासाठीचे तंत्र 2014 मध्येही होते. खर्च कुणी करायचा, यावर अडले होते.

29 जानेवारी 2015 रोजी मलेशियाने ही घटना अधिकृतपणे अपघात ठरवली आणि विमानातली सर्व माणसे मृत धरली. त्यामुळे नुकसानभरपाईचा आणि वारसाहक्काचा रस्ता खुला झाला. नाही तर आपल्या कायद्यात सात वर्षे कुणाची काहीच खबर नसेल, तरच मृत्यू गृहीत धरता येतो. आपल्या धर्मशास्त्रात देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी सांगितला आहे. पण कायद्याने किंवा शास्त्राने दिलेली सोय आणि घरातल्या माणसाचे मन यांत अंतर असते. कुठल्याच कागदावर शेवटची जागा लिहिलेली नसेल, तर ते अंतर आणखी वाढते. म्हणून नातेवाईक शोध थांबू देत नाहीत, आणि त्यांचे ते बरोबरच आहे.

मलेशियाच्या अंतिम अहवालाने जुलै 2018 मध्ये विमान कशामुळे गेले हे ठरवता येत नाही असे नोंदवले. ओशन इन्फिनिटीशी मलेशियाने 2025 मध्ये नवा करार केला: 15,000 चौरस किलोमीटरचे नवे क्षेत्र, विमान सापडले तरच 7 कोटी डॉलर, नाही सापडले तर काहीच नाही. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये खराब हवामानामुळे काम थांबले. डिसेंबरच्या सुरुवातीला मलेशियाच्या परिवहन मंत्रालयाने जाहीर केले की 30 डिसेंबर 2025 पासून, टप्प्याटप्प्याने एकूण 55 दिवस, समुद्रतळाचा शोध पुन्हा घेतला जाईल.